दादरच्या ताटांचा चौरस

श्रोतेहो, नमस्कार. पहिली-दुसरीच्या लेकरांना आकार कसे शिकवायचे, हा आजचा विषय. मला एक गोष्ट सांगायचीय, ती राहून गेली तर रात्री झोप लागायची नाही. म्हणून बाकीचं भराभर उरकतो.

आधी 'गोल'. आपण चेंडूलाही गोल म्हणतो, बांगडीलाही गोल म्हणतो, आणि लेकरू बिचारं गोंधळतं. सोपा उपाय आहे. वाटी जमिनीवर उपडी ठेवा, लेकराच्या हातात खडू द्या, कडेकडेनं फिरवायला लावा. वाटी उचलल्यावर खाली जे उरतं, ते वर्तुळ. आता चेंडूभोवती खडू फिरवायला सांगा. तो गडगडत जातो, लेकरू हसतं, आणि दोन गोलांमधला फरक हाताला कळतो. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं 1837 साली लहान मुलांसाठी शाळा काढली. त्यानं मुलांच्या हातात आधी चेंडू दिला, मग लाकडी ठोकळे. कागदावरची रेघ नंतर. आधी हातात, मग कागदावर. पुन्हा सांगतो, आधी हातात, मग कागदावर.

आणि आपण काय करतो? भिंतीवर चकचकीत तक्ता टांगतो. त्या तक्त्यांवर माझा जुना राग आहे. त्यातला प्रत्येक त्रिकोण मांडी घालून बसल्यासारखा, टोक वर, देवळाच्या शिखरागत. वर्षभर तेवढाच बघितलेल्या लेकराला तो उलटा करून दाखवा. ते म्हणतं, समोसा!

आता माझी गोष्ट. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठाला एका दोनशिक्षकी शाळेत मी होतो. एके दिवशी तपासणीला साहेब आले. मी पुठ्ठ्याचा चौरस उंच धरला. सगळा वर्ग ओरडला, "चौरस!" माझी छाती फुगली. साहेबांनी पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, नुसता टोकावर उभा केला आणि विचारलं, "आता?"

वर्ग त्याच जोरात ओरडला, "शंकरपाळी!"

साहेब हसले. शेऱ्यात काय लिहिलं, ते सांगत नाही. घरी आलो. मंडळींनी भरीत केलं होतं, घास उतरेना. खरं तर ते भरीत गॅसवर भाजलेलं होतं, तेही एक कारण असेल. वांगं पऱ्हाटीच्या काड्यांवरच भाजावं, या मतावर मी आजही ठाम आहे.

पण लेकरांचं चुकलं नव्हतं. हॉलंडमधल्या व्हॅन हिले या शिक्षक जोडप्यानं 1957 साली हेच मांडलं, मला ते फार उशिरा वाचायला मिळालं. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खा ओळखतं, माणसाचा चेहरा ओळखावा तसा. बाजू किती, कोपरे कसे, हे त्याच्या डोळ्यांत अजून आलेलंच नसतं. उभा चेहरा ओळखीचा, तिरका अनोळखी.

दुसऱ्या दिवशी मी शेतातून दादरची वाळलेली ताटं आणली. दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, हे खानदेशात सांगायला नको. ताटं सोलून वीतवीतभर तुकडे केले, बाभळीचे काटे गोळा केले. ताटांच्या बैलगाड्या करण्यात आमची पोरं माझ्यापेक्षा तरबेज. पेरावर काटा टोचला तर ताट चिरतं, मऊ गाभ्यात टोचायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. चार सारखे तुकडे, चार काटे. चौरस तयार.

म्हटलं, फिरवा. सगळ्यांनी फिरवला, टोकावर उभा केला. बाजू मोजा. चार, सारख्याच. कोपऱ्यात पुस्तकाचा कोपरा बसवून बघा. बसतोय. मग शंकरपाळी कुठून आली? फिरवलं म्हणून आकार बदलत नाही. वर्गानं तीनदा म्हटलं, तुम्हीही ऐका: फिरवलं म्हणून आकार बदलत नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोरीच्या चौकटीला धक्का लागला आणि ती एका अंगाला कलली. आता पुस्तकाचा कोपरा बसेना. दोन कोपरे चिंचोळे, दोन पसरट. बाजू मात्र त्याच चार, त्याच मापाच्या. मी म्हटलं, पोरांनो, ही खरी शंकरपाळी! फिरवलं तर चौरस चौरसच राहतो. कलवलं, की कोपरे बदलतात आणि चौरस मोडतो.

मग सगळ्यांना कलवायचा नादच लागला. तिघांनी तीन तुकड्यांचे त्रिकोण केले होते. ते दाबले, ढकलले, हलेनात. पोरं चक्रावली. मी विचारलं, या चौरसालाही असं घट्ट करता येईल का? वर्ग गप्प. एक पोरगा होता, गुरं राखायची म्हणून आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, पाटीवर शून्यसुद्धा वाकडं काढायचा. तो उभा राहिला.

"गुरुजी, तिरपी काडी लावा ना. आमना वाडाना फाटकले शे तशी."

त्यानं स्वतःच एक लांब ताट घेतलं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं ठेवलं, दाताने तोडून मापाचं केलं, दोन्हीकडे काटे टोचले. चौकट हलली नाही. मी विचारलं, आता आत काय दिसतंय? त्यानं बराच वेळ बघितलं. बोटानं एकदा इकडून गिरवलं, एकदा तिकडून. मग हळूच म्हणाला, "दोन त्रिकोण."

श्रोतेहो, माझ्या सबंध नोकरीत मला कुणी इतकं हळू आणि इतकं बरोबर उत्तर दिलेलं नाही.

घरी करायचं असेल तर ताटंच हवीत असं नाही. खराट्याचे हीर आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे चालतात. चौकट करा, आधी फिरवा, मग कलवा. नाव शेवटी सांगा.

त्या पोराचा चौरस मी खिडकीत ठेवला होता, साहेब पुन्हा आले की दाखवायचा म्हणून. साहेब आले चार महिन्यांनी. त्याआधीच एका दुपारी शेजारच्या शेळीनं गजांमधून तोंड घातलं. चौरस खाल्ला, आतले दोन्ही त्रिकोण खाल्ले. खिडकीत राहिले ते चघळून टाकलेले काटे.

नमस्कार.