देवळाच्या पाठीमागून

श्रोतेहो, नमस्कार.

वाईला आलेला पाहुणा बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो ढोल्या गणपतीचा. घाटावर येतो, दर्शन घेतो, समोरून एक फोटो काढतो आणि पाचगणीच्या रस्त्याला लागतो. आज मी तुम्हाला त्याच देवळाच्या पाठीमागं नेणार आहे.

हे देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. पैशाला तोटा नव्हता, जागा हवी ती मिळाली असती. तरी देऊळ उभं राहिलं ते थेट कृष्णेच्या काठावर, जिथं पावसाळ्यात पाणी चढणार हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. मग बांधणाऱ्यानं काय केलं? मागची भिंत सपाट ठेवलीच नाही. माशाच्या तोंडासारखी ती निमुळती होत पुढं आली आहे. पुराचा लोट येतो, त्या धारेवर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशे वर्षांहून अधिक काळ हे चाललंय. वर आता धोमचं धरण आहे, पण पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या अजूनही बुडतात आणि ती भिंत पुन्हा कामाला लागते.

पाटीवर कुणी बांधलं आणि कधी बांधलं एवढंच असतं. असं का बांधलं, ते दगडालाच विचारावं लागतं. आणि काही गावांतल्या पाट्यांबद्दल तर बोलायलाच नको. ‘पेशवेकालीन मंदिर’ एवढी दोन अक्षरं माहितीची, आणि खाली सौजन्य म्हणून आठ नावं!

आता जरा नदीच्या वरच्या अंगाला, मेणवलीला चला. नाना फडणविसांचा वाडा तिथंच. वाड्याच्या मागं कृष्णेवर उतरणारा घाट सिनेमावाल्यांनी घरोघरी पोचवला आहे. पण घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्या घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यापाशी थांबा. तिच्या अंगावर बाळाला घेतलेली एक बाई आहे. नीट बघा, ही यशोदा नव्हे. ही मेरी, आणि कडेवरचा बाळ येशू. शेजारी साल आहे १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून ही घंटा इकडं आली असं मानलं जातं. म्हणजे आधी चर्चमध्ये वाजली, मग महादेवापुढं. तरी अंगावरची आकृती कुणी छिन्नीनं उडवली नाही. मला या घाटावरची ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते.

वाईत वाचण्याजोगं सगळंच दगडात नाही. इथले घाट आळ्यांचे आहेत, आणि कृष्णाबाईचा उत्सव या आळ्या आळीपाळीनं करतात. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून नवस बोलला गेला, त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं जुनी माणसं सांगतात. खान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी जाण्याआधी त्याचा तळ इथंच होता, एवढं तर इतिहासात आहेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा मराठी विश्वकोशही याच गावात बसून रचला गेला.

आता तुमच्या गावाकडं येऊ. पाराखाली किंवा वेशीजवळ एखादा कोरीव दगड रुतलेला असेल. बऱ्याचदा तो वीरगळ असतो, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे हे आकाशात आहेत तोवर कीर्ती राहो. गंमत अशी, की दगड जमिनीत रुतला की आधी लढाईच मातीत जाते. मग लोक वरचं शिवलिंग बघून शेंदूर लावतात.

शेंदराचं एक वेळ ठीक, भक्तीनं लावलेला असतो. पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली शिलालेखावर ऑइल पेंटचा हात फिरतो, तेव्हा पोटात कालवतं. अक्षरांच्या खाचा एकदा बुजल्या की वाचणार कोण? तारेच्या ब्रशनं घासणं त्याहून वाईट, कारण अक्षरांच्या कडाच झिजतात. खडूनं गिरवूही नका, चुकीचं अक्षर पक्कं होऊन बसतं. साधा उपाय सांगतो. सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की जा. ऊन नसेल तर टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर तेव्हा सावल्या पडतात आणि ओळी उमटू लागतात. फोटो काढा, शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल, आणि दगड आहे तिथंच राहू द्या.

वाईला याल तेव्हा पाणी कमी असेल, तर देवळाला वळसा घालून मागच्या बाजूनं ती भिंत बघा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, जपून उतरा. नमस्कार.