एका ‘शॅडोज’चे दोन चित्रपट

1957 साली न्यूयॉर्कमधल्या एका रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात जॉन कॅसाव्हेटीस या तरुण नटाने श्रोत्यांना आवाहन केले, की खऱ्याखुऱ्या माणसांचे चित्रपट पाहायचे असतील, तर त्यांसाठी पैसेही श्रोत्यांनीच पाठवावेत. पैसे आले. 16 मिलिमीटरचा कॅमेरा आणि आपल्या अभिनयवर्गातले नट घेऊन त्यांनी ‘शॅडोज’ केला आणि 1958च्या अखेरीस मध्यरात्रीच्या विनामूल्य खेळांत दाखवला.

जोनास मेकास तो पाहून भारावले. ते ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात सदर लिहीत, शिवाय ‘फिल्म कल्चर’ हे स्वतःचे नियतकालिक चालवत. त्या नियतकालिकाचा पहिला स्वतंत्र चित्रपट पुरस्कार जानेवारी 1959मध्ये ‘शॅडोज’ला मिळाला. दिग्दर्शकाचे मात्र समाधान झाले नव्हते. त्यांनी नवे प्रसंग चित्रित केले, संकलन बदलले आणि नोव्हेंबरमध्ये दुसरी आवृत्ती लोकांपुढे आणली. पहिलीतली उत्स्फूर्तता जाऊन धंदेवाईक वळणाचा चित्रपट हाती आला, असे म्हणत मेकास यांनी ती जाहीरपणे नाकारली. पुरस्कार दिल्यावर चित्रपटच बदलला, तर समीक्षकाची चिडचिड समजण्याजोगी आहे. कॅसाव्हेटीस यांनीही त्याच साप्ताहिकातून उत्तर दिले: पहिल्या वेळी आपण कॅमेऱ्याच्या आणि तंत्राच्या प्रेमात होतो, दुसरी आवृत्तीच सरस आहे.

पण दिग्दर्शकाची साक्षही जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. आपण पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्त अभिनयातून घडला आहे, अशी पाटी दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी झळकते आणि अनेक वर्षे ती चित्रपटाची ओळख म्हणून सांगितली गेली. कॅसाव्हेटीस यांच्या मुलाखतींचा दीर्घ अभ्यास करणारे रे कार्नी यांनी मात्र पुढे दाखवून दिले, की या आवृत्तीतले बरेचसे प्रसंग आधी लिहिलेले होते. मुलाखतकाराने पाटीपाशी न थांबता ‘हा प्रसंग कधी, कोणी लिहिला?’ असे विचारावे लागते, ते यासाठी.

हरवलेली पहिली आवृत्ती कार्नी यांनीच शोधून काढली आणि 2004मध्ये रॉटरडॅम महोत्सवात ती दाखवली गेली. त्यानंतर कॅसाव्हेटीस यांच्या पत्नी, अभिनेत्री जीना रोलँड्स यांनी तिच्या प्रदर्शनास हरकत घेतली. त्यामुळे सर्वसामान्य प्रेक्षकाला आज दुसरीच आवृत्ती पाहायला मिळते, आणि पहिलीची कल्पना करायची तर मेकास यांच्या परीक्षणांचाच मुख्यतः आधार घ्यावा लागतो.