उंदीर न खाणारा साप

(अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. गेल्या वर्षभरात एकच अडचण घेऊन बरेच पालक माझ्याकडे आले. मुलाला साप पाळायचाय, घर शाकाहारी आहे, आणि फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवायला आई काही केल्या तयार नाही. एक काकू म्हणाल्या, "अहो, ज्या घरात गणपती बसतो, त्या घरात मी उंदीर कोमट पाण्यात वितळवत बसू?" त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. तो मान राखून साप पाळता येतो का, एवढंच आज बघू.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. शाकाहारी साप जगात नाही. जवळजवळ चार हजार जाती आहेत आणि सगळ्या काहीतरी जिवंत पकडून किंवा कुणाची तरी अंडी गिळूनच जगतात. दुकानात नवख्यांना दाखवतात ते बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक. दोघांचंही पिंजऱ्यातलं अन्न म्हणजे उंदीर. "चिकनचे तुकडे देऊन भागेल का?" असं विचारतात. नाही भागत. हाडं, यकृत, आतडी सगळ्यासकट अख्खा प्राणी पोटात जायला हवा. आपल्या सोयीसाठी त्या जनावराला उपाशी किंवा अर्धपोटी ठेवायचं नाही.

मग अंडी खाणारा? आफ्रिकेतला डॅसिपेल्टिस फक्त पक्ष्यांची अंडी खातो. ते बघणं म्हणजे नवल आहे. डोकं आपल्या बोटाच्या पेराएवढं, तोंडात दात जवळजवळ नाहीतच, आणि समोर लावी पक्ष्याचं अंडं. जबडा ताणत ताणत तो ते घशाखाली सरकवतो. मानेतल्या मणक्यांचे टोकदार उंचवटे अन्ननलिकेत खाली आलेले असतात, त्यांवर दाबून कवच फोडतो. आतलं सगळं पोटात, आणि चेपलेलं कवच गुंडाळी करून तोंडातून बाहेर. चिडला की खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतो, अगदी आपल्या कोकणातल्या फुरशासारखा. विष नाही, पण सोंग फुरशाच्या जातभाईचं! आपल्याकडेही अंडीखाऊ साप आहे. तो इतका दुर्मीळ, की महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद 2005 साली प्रसिद्ध झाली, तीही विदर्भातून.

तरीही पहिला साप म्हणून डॅसिपेल्टिस घेऊ नका. पिल्लांच्या तोंडात लावीचं अंडंसुद्धा मावत नाही. त्यांना फिंच पक्ष्यांची चिमुकली अंडी लागतात, आणि ती बारा महिने कोण आणून देणार? शिळं अंडं वासावरून ओळखून तोंड फिरवतो. शिवाय विकायला येतात त्यांतले बरेचसे रानातून पकडलेले असतात. हिरव्यागार रफ ग्रीन स्नेकचंही तेच. तो किडे खातो हे खरं, पण रानातून आलेला, भेदरलेला, हाताळला की खाणं सोडणारा. लांबूनच बघावा.

माझं मत गार्टर स्नेकला. आपल्या दिवडीच्या आणि नानेटीच्याच कुळातला. गांडुळं, मासे, बेडूक हे त्याचं रानातलं अन्न, म्हणजे उंदीर नसल्यानं त्याचं काही अडत नाही. दिवसा जागा असतो, टाकीपाशी गेलं की डोकं वर काढून बघतो. नीट ठेवला तर दहा वर्षं सोबत करतो.

पण मासे म्हटलं की मला माझी चूक सांगावी लागते. सुरुवातीला मी एका दुकानातून स्वस्तातले छोटे गोल्डफिश आणायचो, त्यांनीच सुचवलं होतं म्हणून. काही महिन्यांनी एका सकाळी टाकीत बघतो तर माझी गार्टर मादी उताणी पडलेली, मानेला पीळ, अंग थरथरतंय. सरळ करून ठेवली की परत उलटी. डॉक्टरांनी ब-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं तेव्हा कारण कळलं. गोल्डफिश, मिनो, स्मेल्ट अशा माशांत थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-1 मोडून टाकतं. मासा गोठवला तरी ते जात नाही. ती वाचली, पण ती सकाळ मी विसरलेलो नाही.

म्हणून मासे घ्या ते सामन, ट्राउट, तिलापिया किंवा गप्पी. नुसत्या बिनकाट्याच्या तुकड्यांवर कॅल्शियम कमी पडतं, तेव्हा अधूनमधून काट्यासकट अख्खा छोटा मासा द्या. गांडुळं मोठी, नाइटक्रॉलर नावानं मिळतात ती. खतातली लाल गांडुळं अजिबात नकोत, त्यांच्या अंगातला पिवळा स्राव सापाला बाधतो. टाकीची एक बाजू 28-30 अंश सेल्सिअस, दुसरी गार. झाकण घट्ट, कारण पेन्सिलीएवढं पिल्लू कुठल्याही फटीतून निघून जातं. आणि हो, माशांमुळे विष्ठेला वास येतो, टाकी वारंवार साफ करावी लागते. हे मुलाला आधीच सांगा.

साप घ्यायचा तो पिंजऱ्यात जन्मलेला. तळ्याकाठी दिसला म्हणून उचलू नका; इथला सॅन फ्रान्सिस्को गार्टर 1967 पासून संरक्षित आहे. सुट्टीत गावी गेल्यावर भाच्यांनाही हे सांगा. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सापांना संरक्षण आहे, शेतातली दिवड बरणीत ठेवायची नाही.

मागच्या टेबलावर माझी तीच मादी आणली आहे. आज तिचा जेवणाचा दिवस, ट्राउटच्या पट्ट्या डब्यात आहेत. मुलांनी एकेक करून या, चिमट्यानंच द्यायचं, बोटांनी नाही. वास लागला की ती झडप घालते. आणि परत जाताना साबणानं हात धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.