स्टेशन किती लांब?

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यात कुणाच्याही घरचा पत्ता विचारा, तो स्टेशनपासूनच सुरू होतो. माझे वडील नौपाड्यातून रोज चालत गाडीला जायचे. बारा मिनिटांत फलाटावर. येताना भाजी, आजीचं औषध, आमच्या वह्या, सगळं वाटेवरच मिळायचं.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात आली, तेव्हा गाव आधीपासून नांदत होतं. कौपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलाव, किल्ला. नांदत्या वस्तीतून रूळ न्यायचे तर घरं पाडावी लागतात, म्हणून जुन्या गावांत स्टेशन बहुतेक कडेलाच बसलेलं दिसतं. ठाण्याचं नशीब असं, की ही कड पायी गाठण्याजोगी होती. देऊळ आणि स्टेशन यांच्यामधली जागा हळूहळू दुकानांनी भरली, आणि गावाचा मध्य तिथंच ठरला.

वाशीला मात्र मी नेहमी थबकतो. सगळं कागदावर आखून उभारलेलं शहर. नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० सालची. तिथल्या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला, म्हणून तर नवी मुंबईतली स्टेशनं एवढी ऐसपैस. पण मानखुर्दहून लोकल वाशीला पोचली १९९२मध्ये. तोवर लोकांनी खाडीपुलावरच्या बसच्या भरवशावर संसार थाटले होते, सेक्टर १७चा बाजार गजबजला होता. स्टेशन आलं ते सायन-पनवेल महामार्गाच्या दुसऱ्या अंगाला. आजही बाजारातून गाडीला जायचं तर मधे तो महामार्ग आहेच. गाडी आधी आली असती, तर बाजार कुठं भरला असता?

आणि आता आमचं ठाणं. स्टेशन जागचं हललं नाही, गाव मात्र घोडबंदर रस्त्यानं पुढं सरकलं. माझी भाची कासारवडवलीला राहते. घाटकोपरला लोकलनं पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त तिला स्टेशन गाठायला लागतो. आधी रिक्षाची रांग, मग माजिवड्याची कोंडी. स्टेशनाबाहेर वाहतुकीसाठी बांधलेल्या सॅटिसच्या पुलामुळं बसगाड्या वर गेल्या, हे चांगलंच झालं. पण त्या पुलापर्यंत पोचायचं कसं, हा तिचा रोजचा घोर.

वडाळा-कासारवडवली मेट्रोचा मार्ग तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडा असा जातो, ठाणे स्टेशनात शिरत नाही. म्हणून २०२४मध्ये मंजूर झालेल्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोकडं माझे डोळे लागलेत, कारण ती स्टेशनला जोडली जाणार आहे. आराखडे करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मेट्रोतून उतरून लोकलच्या फलाटावर जाताना किती पायऱ्या चढायच्या, किती चालायचं, हे आधी मोजा. आणि मोजायला जाताना हातात पिशवी घेतलेल्या एखाद्या आजींना सोबत न्या.