तिसऱ्या फेजचं वजन

श्रोतेहो, नमस्कार. घरात सिंगल फेज आणि मशीनला थ्री फेज मोटर, ही अडचण गोव्यातल्या छोट्या कारखानदारांना नवी नाही. त्यावर रोटरी कन्व्हर्टर चालतो. एक थ्री फेज मोटर फेज आणि न्यूट्रलवर मोकळी फिरवायची, की तिच्या तिसऱ्या टोकावर तिसरी फेज तयार होते. पण मिळणार 230 व्होल्ट, 415 नव्हे. म्हणून कन्व्हर्टरच्या आणि मशीनच्या, दोन्ही मोटरींच्या टर्मिनल पेटीतल्या पट्ट्या स्टार जोडणीवरून (415 व्होल्टची) डेल्टा जोडणीवर (230 व्होल्टची) घ्याव्या लागतात. बऱ्याच छोट्या मोटरींना हे जमतं. नेमप्लेट मात्र बघा.

डिचोलीकडच्या एका सुतारशाळेची गोष्ट सांगतो. चवथ तोंडावर, ऑर्डरी अंगावर, आणि 2 एचपीचं रंधा मशीन पंधरा मिनिटांत तापून ओव्हरलोड (जादा करंटला मशीन बंद करणारी रिले) पाडतंय. मोटर रिवाइंड केली, बेअरिंग बदललं, तेच. मग एका सकाळी कन्व्हर्टरच्या पेटीतून फटाक्यासारखा आवाज आला आणि सगळीकडे भुसा नि धूर. झाकण उघडलं तर आत काळ्या प्लास्टिकचे स्टार्ट कपॅसिटर, कायमचे जोडलेले! ते मोटर सुरू करताना दोन-चार सेकंदांसाठी असतात, हो. तिसऱ्या फेजचं व्होल्टेज सावरायला कायम राहतात ते रन कपॅसिटर, ॲल्युमिनियमच्या डब्यातले, 440 व्होल्ट एसीचे.

मिस्त्रींनी 3 एचपीच्या आयडलरला, म्हणजे कन्व्हर्टरमधल्या मोकळ्या फिरणाऱ्या मोटरीला, दोन्ही बाजूंना 45-45 मायक्रोफॅरॅडचे रन कपॅसिटर लावले. एचपीमागे 15, हा सुरुवातीचा अंदाज. एक कपॅसिटर फेज आणि तिसरीमध्ये, दुसरा न्यूट्रल आणि तिसरीमध्ये. रंध्यात फळी घालून तिन्ही तारांमधलं व्होल्टेज मोजलं: 230, 208, 237. सरासरी 225, सर्वांत दूरचा आकडा 17 नी कमी, म्हणजे साडेसात टक्के तफावत. व्होल्टेजमध्ये टक्काभर तफावत असली तरी करंटमधली तफावत तिच्या सहा ते दहा पट, म्हणजे सहा ते दहा टक्के होऊ शकते, मोटर तापणारच. मग 5-5 मायक्रोफॅरॅडने बदलत गेले. शेवटी एका बाजूला 60, दुसऱ्या बाजूला 40. आकडे आले 230, 226, 231. दिवसभर रंधा चालला, ओव्हरलोड पडला नाही.

दोन्ही बाजू सारख्याच येतील अशी अपेक्षा नको. कुठली बाजू जड लागेल हे मोटर फिरण्याच्या दिशेवर ठरतं. आणि लोडवर मोजा. पुन्हा सांगतो, लोडवर. रिकाम्या मशीनवर बसवलेला हिशेब फळी घातली की बिघडतो. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे काम झालं मानणारे इलेक्ट्रिशियन अजून आहेत. त्यांना नवीन मोबाइल परवडतो, तारेभोवती अडकवून करंट मोजायचा टाँगटेस्टर परवडत नाही! टाँगटेस्टर लावून तिन्ही तारांचा करंटही बघा.

हात घालण्याआधी मेन बंद. प्रत्येक कपॅसिटरवर 100 किलोओहम, 2 वॉटचा रेझिस्टर जोडा, म्हणजे चार्ज अर्ध्या मिनिटात उतरतो. तरीही मीटरने शून्य बघूनच हात लावा. किनाऱ्याजवळ लग, म्हणजे तारांच्या टोकांचे धातूचे जोड, हिरवे पडतात, पावसाळ्यानंतर घासून घट्ट करा. एकच मोटर असेल तर माझं मत व्हीएफडीच, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, घ्यावा.

आणि काँटॅक्टरची, म्हणजे मशीन चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची, कॉइल फेज-न्यूट्रलवरच जोडा. तिसऱ्या फेजवर घेतली तर मशीन सुरू होताना व्होल्टेज खाली जाऊन काँटॅक्टर खडखडतो नि पॉइंट जळतात.