थकण्याआधी माणूस बदला

(महाविद्यालयीन स्वयंसेवकांपुढे मुंबईत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी राष्ट्रीय सेवा योजनेत आहे, कुणी नागरी संरक्षण दलात, काही जण गृहरक्षक दलात. गृहरक्षक दल 6 डिसेंबर 1946 रोजी याच शहरात उभं राहिलं. आपापला कामधंदा सांभाळून संकटात धावणारी माणसं मुंबईला नवीन नाहीत. तुमची अडचण मात्र वेगळी आहे. पावसाळा जून ते सप्टेंबर, आणि तुमचं पहिलं सत्रही तेव्हाच. तुंबलेलं पाणी, दरडी, दहीहंडी, विसर्जनाचा बंदोबस्त हे सगळं नेमकं जर्नल तपासून घ्यायच्या आणि इंटर्नल्सच्या, म्हणजे अंतर्गत परीक्षांच्या दिवसांत येऊन पडतं.

सेवा मोठी की अभ्यास, यावर मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते ड्युटीच्या पाळीबद्दल.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहणं, तुम्ही सगळे शिकला आहात. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. सरावाच्या पुतळ्यावर बघा, थोड्या वेळातच दाब उथळ होऊ लागतात. दाब देणाऱ्याला ते कळतही नाही. कोपर वाकलेलं असतं, घाम डोळ्यांत उतरलेला असतो आणि तो म्हणतो, ‘जमतंय मला.’ म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असा नियम आहे. दमलास का, असं त्याला विचारत बसायचं नाही.

हाच नियम आपल्या ड्युटीच्या यादीला का लागू नाही? अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर मोठ्या मूर्तींचं विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतं. रात्रभर दोर धरून उभी राहिलेली मुलं तिथून थेट प्रॅक्टिकलला आलेली मी पाहिली आहेत. त्यांचा मला अभिमान वाटतो, आणि काळजीही वाटते. अॅसिड हाताळणाऱ्या त्या हातांना झोप हवी होती. उरलेल्या मुलांतून दुसरी तुकडी सहज उभी राहिली असती, कुणी तशी यादीच केली नव्हती.

आणि ज्याची पाळी नाही त्याने फोन आला तर ‘आज नाही’ म्हणावं. स्पष्ट म्हणावं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तशा दिवशी सगळेच लागतात, तेव्हा कुणी यादी बघत नाही. पण त्या दिवसापर्यंत तुम्ही टिकायला हवं. विषय राहून केटी लागून, घरच्यांशी भांडून ऑगस्टमध्येच दल सोडलेला मुलगा तेव्हा कुठून आणणार?

पाळी नसताना डोळ्यांसमोर काही घडलं तर? दादरच्या पुलावर कुणी कोसळलं तर थांबालच. 108 ला फोन करताना नुसतं ‘दादर स्टेशन’ सांगू नका. पश्चिम की मध्य, कितवा प्लॅटफॉर्म, जिना चर्चगेटच्या बाजूचा की विरारच्या, हे सांगा. रस्त्यावरचा अपघात असेल, तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134 अ लक्षात ठेवा. मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. जखमीला रुग्णालयात पोहोचवलंत आणि अकराचा पेपर आहे? खुशाल निघा.

रुळांवरचा अपघात पाहून आलेल्या मुलाला मात्र त्या रात्री एकटं अभ्यासाला बसवू नका. कुणीतरी त्याच्या घरापर्यंत जा, आईला सांगा काय झालंय ते.

समोर बसलेल्या प्राध्यापकांना एक विनंती. 75 टक्के हजेरीचा नियम आम्हाला मान्य आहे. पण ड्युटीचं पत्र आणलेल्या मुलाला त्या तासाची हजेरी मिळावी म्हणून दहा टेबलं फिरायला लावू नका. आणि तुकडीप्रमुखांनो, जूनची यादी कराल तेव्हा आधी प्रत्येकाच्या परीक्षेच्या तारखा लिहून घ्या. समुद्राच्या भरतीचं कोष्टक त्यानंतर समोर ठेवा. 4.5 मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. दोन्ही तारखा एकाच कागदावर आल्या की कुणाला कधी मोकळं ठेवायचं ते मे महिन्यातच ठरवता येतं.