शेजारचे दगडही दाखवा

नमस्कार मंडळी. विषय आपल्याला ठाऊक आहे: निसर्गाने घडवलेला दगड कुठला आणि माणसाने घडवलेला कुठला, हे ओळखायचं कसं. त्याच्या खुणा मी सांगणारच आहे. पण आधी एक तक्रार मांडतो, कारण ज्यांच्या घरी खिडकीत असे दगड मांडलेले असतात, तीच मंडळी आज समोर बसली आहेत.

तक्रार अशी, की लोक दगड घासतात. एक गृहस्थ मोठ्या आपुलकीने एक दगड घेऊन आले. त्यांना त्यात पक्षी दिसत होता. चोच होती, डोळा होता; मलाही दिसला. भिंगाखाली धरला, तर चोचीच्या खाचेत चकचकीत करड्या रंगाच्या बारीक रेघा. तारेचा ब्रश! "माती फार होती हो," ते म्हणाले, "आतलं कोरीव काम नीट दिसेना." आता ती खाच हजारो वर्षांपूर्वीची असती, तर बाहेरच्या अंगावर असतो तसा राप तिच्या आतही चढला असता, कदाचित चुन्याची पुटंही साचली असती. खाच आधी पडली आणि पुट नंतर चढलं, हा क्रम तिथेच वाचता येतो. तो ब्रशाने गेला, आणि तो परत आणायचा कुठलाही उपाय कुणाकडे नाही. बरं, दगड सापडला कुठे? "नदीकाठी." कुठल्या थरात? आजूबाजूला काय होतं? "काही नाही, साधे दगड होते."

हे उत्तर मला नेहमी मिळतं, आणि माझं आजचं सगळं म्हणणं त्या साध्या दगडांबद्दलच आहे.

ढगात ससा कधीच न दिसलेला माणूस इथे असेल, तर त्याने हात वर करावा. कुणी नाही ना? दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिसली, की आपण चेहरा जुळवतोच. दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाटच्या गुहेत 1925 साली एक तांबूस गोटा मिळाला. त्यावर अगदी चेहरा आहे, पण तो कोरलेला नाही, झिजून झालेला आहे. तरीही तो महत्त्वाचा ठरला, कारण त्या जातीचा दगड त्या गुहेतला नाही. कुणीतरी तो दुरून आणला असावा. म्हणजे तिथेही मोलाची माहिती दिली ती गुहेतल्या इतर दगडांनी.

तेव्हा दगड कशासारखा दिसतो हे सोडा. तो कसा फुटला, हे विचारा. या प्रश्नाने भल्याभल्यांना चकवलंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये केंटला बेंजामिन हॅरिसन नावाचा किराणा दुकानदार कडांचे टवके उडालेल्या गारगोट्या गोळा करत असे. ही माणसाची सर्वांत जुनी हत्यारं, असं त्याला वाटे. जोसेफ प्रेस्टविचसारखा नामवंत भूवैज्ञानिक त्याच्या बाजूने उभा राहिला. त्या दगडांना 'इओलिथ' म्हणत. वाद वर्षानुवर्षं चालला.

मग 1905 साली फ्रान्सचा जीवाश्मांचा अभ्यासक मार्सेलँ बूल याने पॅरिसजवळच्या माँत गावच्या सिमेंट कारखान्याची हकीकत प्रसिद्ध केली. ही मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिथे खडूचा दगड आणि चिकणमाती पाण्याच्या मोठ्या हौदात घालून फिरत्या लोखंडी दात्यांनी घुसळत. खडू फुटून पाण्यात मिसळून जाई, त्यात अडकलेल्या गारगोट्या मात्र एकमेकींवर आणि लोखंडावर आपटत राहत. त्या बाहेर काढून ढीग घालत. बूलने तो ढीग पाहिला, तर त्यात कडेने ओळीत टवके उडालेल्या, खोबणी पडलेल्या गारगोट्या, थेट इओलिथसारख्या! त्या घडवण्याचा हेतू कुणाच्याही मनात नव्हता. आता विचार करा, त्या ढिगातून फक्त देखण्या तेवढ्या निवडून आपल्यासमोर मांडल्या असत्या, तर आपण सगळे फसलो असतो. संग्राहकाच्या खिडकीत नेमकं हेच होतं.

आणि हे यंत्रापुरतं नाही. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटतात, त्यातून धारदार छिलके पडतात, आणि माकडं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हे 2016 साली प्रसिद्ध झालं. यावर...

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरली आहेत, तेव्हा खुणा भराभर सांगतो.

टवके. माणूस टवका काढतो तो सहसा लघुकोनी कडेवरून, कारण 90 अंशांच्या पुढे हातातल्या दगडाने टवका धड निघत नाही. निसर्गाच्या आपटाआपटीत मोठे कोन भरपूर असतात. आल्फ्रेड बार्न्सने 1939 साली कसोटी दिली: मानवी हत्यारांत 90 अंश किंवा त्याहून मोठे कोन पाव हिश्शाहून जास्त नसतात. ही कसोटी अख्ख्या संग्रहाची आहे, सुट्या दगडाची नव्हे.

रेघा. निसर्गाची रेघ बहुतेकदा दगडातली शीर, थर किंवा भेग धरून जाते. दगड उलटा करा, मागेही ती उमटलेली असते. कोरलेली रेघ थर आणि स्फटिक आडवे कापते.

भोकं. जुन्या पद्धतीने दोन्ही बाजूंनी पाडलेलं भोक डमरूसारखं मध्ये निमुळतं असतं, आत गोल ओरखडे असतात. समुद्रकाठच्या दगडात शिंपल्याने पोखरलेलं भोक तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असतं.

शेवटचं. गोलान टेकड्यांवर बेरेखात राम इथे 1981 साली जेमतेम 35 मिलिमीटरचा एक ज्वालामुखीय खडा मिळाला, बाईच्या आकृतीसारखा. देरिको आणि नोवेल या पुरातत्त्वज्ञांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि 2000 साली सांगितलं, की त्यावरच्या खाचा माणसानेच पाडल्या आहेत. हे ते सांगू शकले, कारण त्याच जागेवरचे, त्याच जातीचे साधे खडेही त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिले होते. तशा खाचा निसर्गतः पडतात का, हे त्याशिवाय कळणार कसं? म्हणून तुम्हाला काही दिसलं, तर ते जागचं हलवू नका. शेजारी मोजपट्टी ठेवा, फोटो काढा, आणि त्याच फोटोत आजूबाजूचे साधे दगडही येऊ द्या.